शितावरून बाळाची परीक्षा करू नये

बालाघाट, मध्यप्रदेश

चि. मीनल,


तुझं पत्र मिळालं. लांजीकडच्या अंगणवाडीत तू रुळलीस हे वाचून बरं वाटलं. पत्रात तू एकच गोष्ट विचारलीस, पण आपल्या कामाचा सगळा कस तिथेच लागतो. दहा महिन्यांचं बाळ अजून आधाराशिवाय बसत नाही, हे त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू, असं तू म्हणतेस. सांगायचं कसं ते पुढे लिहिते. आधी आपण त्याला नीट पाहिलंय का, ते बघू.

शितावरून भाताची परीक्षा कशी करावी, हे आपल्या चिन्नोरच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. बाळाच्या बाबतीत मात्र ती रीत चालत नाही. बसणं हे एक शीत झालं. बाळ आवाजाकडे वळतं का, ओळखीचा चेहरा पाहून हसतं का, परकं माणूस दिसलं की बुजतं का, या हातातला खुळखुळा त्या हातात घेतं का, हे सगळं मिळून बाळ कळतं.

एक करून पाहा. बाळाला आईच्या मांडीवर बसव आणि समोर स्वच्छ ताटलीत शिजलेल्या भाताची दोन शितं ठेव. सहा-सात महिन्यांचं बाळ सगळा पंजा फिरवून शीत ओढायला बघतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की अंगठा आणि पहिलं बोट जुळवून ते अलगद उचलतं. डोळ्यांना बारीक वस्तू दिसते, बोटं ऐकतात आणि मनात ओढ आहे, हे तिन्ही त्या एका हालचालीत दिसतं. फुटाणे, शेंगदाणे मात्र देऊ नकोस, घशात अडकतात.

आपल्या मुलांना आपल्याच मुलांच्या मापाने मोजावं, यासाठी मराठी आडनावाच्या एका बाईने आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांची मोजणीची पद्धत घेऊन आपल्याकडची बाळं तपासली आणि आपल्या बाळांची वयं बसवली. १९७० साली त्याचा अहवाल निघाला. पुढे १९९७ मध्ये पुण्यात त्या मापनाची सुधारित आवृत्ती तयार झाली. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी शारीरिक हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी त्यात आहेत. ते काम शिकलेल्या माणसाचं, आपलं नव्हे. पण बडोद्याच्या त्याच नोंदींतून तिरुवनंतपुरमच्या डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त १७ बाबी निवडून १९९१ मध्ये एक तक्ता दिला. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडे जे जे राहिलं, ते बाळाला यायला हवं. त्यातलं एखादं येत नसेल तर पुढे पाठवायचं. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

पाठवायचं म्हणजे ठपका ठेवायचा नव्हे. प्रत्येक बाळाची चाल वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं पाहून २००६ साली जे कालखंड ठरवले, त्यांत भारतातलीही मुलं होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. म्हणून शेजारणीच्या बाळाशी तुलना कुणाला करू देऊ नकोस. पण हा काळ उलटून गेला, तर वाटही पाहायची नाही.

आता तुझ्या बाळाकडे येते. ते दिवस भरून जन्मलं का, हे विचारलंस का? दोन महिने आधी जन्मलं असेल, तर विकासाच्या हिशेबाने ते आज आठ महिन्यांचं आहे आणि बसायला अजून अवधी आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत असाच हिशेब धरतात. अशा बाळाला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं ते ठेवायचंच. आणि दिवस भरलेले असतील, तर त्याची वेळ टळून गेली आहे.

आईलाच विचारून थांबू नकोस. रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीत जाते, बाळ आजीजवळ नाहीतर मोठ्या बहिणीजवळ असतं. दिवसभर ज्याच्या कडेवर बाळ, त्याला सगळं ठाऊक.

मोठ्या मुलांना विचारताना भाषेकडे लक्ष दे. आपला फॉर्म हिंदीत, मुलाच्या घरी पोवारी, मराठी किंवा गोंडी. दोन वर्षांचं मूल तुझ्या हिंदीला उत्तर देत नाही आणि आजीने घरच्या बोलीत तेच विचारलं की बोट नाकावर ठेवतं. त्या मुलाला येतंय, असंच लिहायचं. घरच्या बोलीतही शब्द निघत नसेल, तर सगळ्यांत आधी कान तपासून घ्यायचे.

आता सांगायचं कसं. बाळाला जे येतं तिथून सुरुवात कर. 'मंद', 'मागे पडलेलं' हे शब्द तोंडातून काढू नकोस. सासू म्हणेल, याचा बापही उशिरा बसला होता. तिला खोडू नकोस. पाहून येऊ, काही नसलं तर आनंदच आहे, एवढंच म्हण. ग्रहणात बाहेर पडलीस म्हणून असं झालं, असा दोष सुनेला कुणी दिला, तर मात्र तिथे ठाम बोल. हे खोटं आहे आणि त्या पोरीला आधाराची गरज आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं ठरलेलं आहे. त्याच्यासाठी थांबू नकोस. बाळाच्या मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांत झपाट्याने होते, त्यात सहा महिने फार मोठे. धान कापणी आटोपली की हीच घरं नागपूरला कामाला निघतील, मग बाळ हाती लागणार नाही. बाळाच्या कार्डावर नोंद कर आणि कार्ड त्यांच्या सोबत जाईल असं बघ.

या आठवड्यातच त्या आईला घेऊन तू स्वतः रुग्णालयात जा. एकटीला पाठवलंस तर मजुरी बुडेल, रांग लागेल आणि ती अर्ध्या वाटेवरून परतेल. तू बरोबर असलीस तर डॉक्टरांचं बोलणं तिला तिच्या भाषेत समजावशील आणि घरी करायचे व्यायाम तिच्याकडून करून घेशील. नोंदवही भरणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं ही सोबत आहे आणि ते काम तुझ्याशिवाय त्या गावात दुसरं कुणी करणार नाही.

काय झालं ते कळव.

तुझी,
मावशी