ब्रेक मारला की लागणारा दिवा

ब्रेक मारला की ऑइलचा दिवा लागायचा. पाय काढला की विझायचा. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतून निघून रेल्वेचा पूल उतरेपर्यंत तो मला तीनदा तरी डोळा मारायचा, आणि मी तिन्ही वेळा स्वतःची समजूत घालायचो की वायर ढिली असेल.

गाडी 1964ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती 1961पासून बनवली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ, अंगकाठी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कारागिराने आखलेली. हिच्याच चेसीवरून बेतून 1962 साली स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार निघाली. त्या नात्याने मी हिलाही स्पोर्ट्स कार म्हणतो. आमदाराच्या चुलतभावाला लोक आमदार म्हणतातच की.

मूळ 948 सीसीचं इंजिन बाबांच्या हयातीतच थकलं. मी त्याजागी जुन्या जिप्सीचं 970 सीसीचं बसवून घेतलं. कागदावर फरक फक्त 22 सीसींचा. पण त्या फरकापायी गाडी कायद्याच्या लेखी 'व्हिंटेज' राहिली नाही: 2021च्या नियमात पन्नास वर्षं उलटलेली आणि इंजिन-चेसी न बदललेली गाडीच त्या मानाला पात्र. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. पाटीपेक्षा गाडी चालणं मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

नीट चालत मात्र नव्हती. नव्या इंजिनाचं ऑइलचं चेंबर चेसीच्या आडव्या पट्टीला भिडत होतं, म्हणून बसवताना ते खालून कापून उथळ केलं होतं. 'दोन इंचानं काय होते' असं तेव्हा कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. तो दोष माझाच.

दिवा लागायला लागल्यावर मी सगळे करतात तेच केलं. आधी प्रेशरचा स्विच बदलला. मग जाड ऑइल भरलं. 20डब्ल्यू50 भरल्यावर दिवा आठवडाभर गप्प बसला, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला तसा पुन्हा बोलू लागला. ज्याला त्याला विचारलं तर एकच निदान: क्रँकचं मेटल, म्हणजे बेअरिंग, गेलं, इंजिन खोला.

शेवटी मी नव्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे पालथं पडतं. मिस्त्री सरळ पुढच्या टायरवर बसले, बिडी पेटवली आणि इंजिनाला हातही न लावता म्हणाले, "भाऊ, मंग दिवा कवा लागते ते सांगा. लागते, हे मले मालूम हाय."

मी सांगितलं. त्यांनी स्विच काढून त्या भोकात तांब्याच्या नळीचं गेज बसवलं, काटा माझ्या पुढ्यात टांगला आणि शेजारी बसले. सरळ रस्त्यावर साडेतीन किलो. तापलेल्या इंजिनात उभ्या गाडीला एक किलो. मेटल गेलेलं असतं तर इथेच काटा झोपला असता. "आता मारा ब्रेक." काटा शून्यावर. सोडला, परत साडेतीन.

"विहीर हाय न तुमच्या वावरात? मे मयन्यात फुटबॉल उघडा पडला का मोटर काय करते?"

हवा घेते. पाणी सोडते. आमच्या वावरात मी हे लहानपणापासून पाहत आलो. पाइपाच्या टोकाचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाण्यात बुडालेला हवा; मोटर कितीही दमदार असो, तिला वरून काही करता येत नाही. चेंबर उथळ झालं होतं, ऑइल शोषणारी जाळी मागच्या बाजूला होती. ब्रेक मारला की ऑइल पुढे पळायचं आणि जाळी उघडी पडायची. मी पंपाला दोष देत होतो. विहीरच आटलेली होती.

चेंबर उतरवलं. जाळी आणि तळ यांत अंतर किती हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मिस्त्रींनी घरून कणकेचा गोळा मागवला. तो तळाला चिकटवला, चेंबर दाबून बसवलं, पुन्हा काढलं. दबलेली कणीक मोजली: 22 मिलिमीटर. चेंबर कापताना जाळीची नळीही जास्तच आखूड केली गेली होती; जाळी हवेत लटकत होती म्हणायची. हवं होतं सात-आठ. दुसरी भानगड दांडीची. ऑइल मोजायची दांडी जुन्या खोल चेंबरची, तळ मात्र वर आलेला. 'फुल' दाखवत असताना आत जेमतेम सव्वादोन लिटर ऑइल होतं. मी रोज सकाळी ती दांडी पुसून, बघून, समाधानाने परत घालत होतो.

खोली वाढवता येत नव्हती, म्हणून चेंबरला दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या जोडून रुंदी वाढवली. जाळी तळाजवळ नेली, तिच्याभोवती आडवे पडदे लावले आणि त्यांत बिजागरीची दोन झडपं. ऑइल जाळीकडे येईल तेव्हा उघडायची, पळायला लागेल तेव्हा मिटायची. शर्यतीच्या गाड्यांत यावर ऑइल वेगळ्या टाकीत ठेवण्याचा उपाय असतो. आमच्या खिशाला पत्राच परवडला. वेल्डिंग गळतं का ते पाहायला बाहेरून खडू फासला, आत डिझेल ओतलं आणि रात्रभर ठेवलं. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे. सकाळी एका कोपऱ्यात खडू ओला झालेला. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा खडू.

जोडताना मिस्त्रींनी पंपात व्हॅसलीन भरलं, म्हणजे पहिल्या फेरीला तो कोरडा फिरत नाही. साडेतीन लिटर ऑइल मोजून ओतलं आणि प्लग काढून स्टार्टर मारत राहिलो. काटा हलला तेव्हाच प्लग परत बसवले. मग दांडीवर करवतीने नवी खूण केली.

चाचणीला अकोल्याच्या रस्त्याला लागलो. याच रस्त्यावर एका लेनचा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा जून 2022मध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात गेला. काटा हलला तर खड्ड्यावर ढकलायची सोय नव्हती. मागे कुणी नाही पाहून ब्रेक मारला. काटा तीनवर आला, थांबला. पुन्हा मारला. तीनच.

मी खुशीत हसलो. मिस्त्री हसले नाहीत. परतल्यावर त्यांनी आधी काढून ठेवलेला जुना फिल्टर करवतीने चिरला आणि त्याचा कागद उन्हात धरला. काळ्या घडीत चार-पाच बारीक चमकत्या कपच्या होत्या. मेटलच्या. इतके दिवस ब्रेक मारत गेलो त्याच्या.

"किती दिवस चालेल?" मी विचारलं.

त्यांनी कपच्या काडेपेटीत ठेवल्या, काडेपेटी माझ्या हातात दिली. "हजार किलोमीटरनं दुसरा फिल्टर घेऊन या. मंग मोजू."