डॉक्टर, आधी तुमचं पोट बघा



एरवी मी तुम्हाला बीपी, शुगर, थायरॉइड असे विषय सोपे करून सांगत असतो. आज पेशंट मीच आहे. हा लेख लिहू की नको यात दोन महिने गेले. कारण आजार सांगणं सोपं असतं, लाज सांगणं अवघड.

उमापूरला दवाखाना टाकला तेव्हा माझं वजन ६९ किलो होतं. दोन वर्षांपूर्वी ते ९३ झालं. उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय ३३. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. हे आकडे मला पाठ होते. पेशंटला काट्यावर उभं करून मी ते रोज ऐकवत होतो. स्वतः मात्र त्या काट्यावर तीन वर्षं चढलो नव्हतो. सकाळी झाडलोट करताना कंपाउंडर काटा टेबलाखाली सरकवायचा, तो तिथेच बरा वाटायचा.

एक दिवस शेजारच्या वस्तीवरची एक आजी गुडघेदुखीसाठी आली. मी नेहमीचं सुरू केलं, वजन कमी करा, भाकरी कमी करा, तेल कमी करा. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टर सायेब, रागवू नका, पण तुमचं पोट तर टेबलाला लागायलंय. आधी तुमचं बघा की."

बाहेर बाकावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यांचंही पोट असंच होतं आणि घरात सगळे कौतुकाने म्हणायचे, "आता कसं अंग धरलंय!" मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. मुलगी सातवीत होती. हिशोब करायला कागद लागला नाही.

स्वतःचं रक्त तपासताना

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं रक्त काढलं. लॅबच्या फॉर्मवर पूर्ण नाव लिहायचा धीर झाला नाही, नुसती आद्याक्षरं लिहिली. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बीपी १४६/९४. कमरेचा घेर १०८ सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० च्या आत हवा.

तुम्हाला वाटेल, डॉक्टरला हे आधीच कळायला हवं होतं. कळत होतं हो. कळणं आणि मान्य करणं यांच्यात किती अंतर असतं, ते मला त्या कागदाने शिकवलं.

इथे एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली भारतीय माणसं दिसायला बारीक असली तरी आत, विशेषतः पोटात, चरबी जास्त बाळगतात. म्हणून नुसतं वजन बघू नका, टेपने कंबर मोजा. बायकांनी ८०, पुरुषांनी ९० सेंटिमीटर लक्षात ठेवावं. त्या दोन डॉक्टरांनी सगळ्या जगासमोर स्वतःचं अंग दाखवलं, मला माझं नाव फॉर्मवर लिहिता येत नव्हतं.

पहिला महिना: चिडका डॉक्टर

मी सुरुवात तुमच्यासारखीच केली, म्हणजे चुकीची. सकाळी काकडी, दुपारी ताक, रात्री सूप. नऊ दिवसांत चार किलो उतरलं. मी खूश! पण त्यातलं बरंचसं पाणी असतं, हे मीच तुम्हाला कितीदा सांगितलंय.

दहाव्या दिवशी मी एका लहान मुलाच्या बापावर विनाकारण ओरडलो. त्याच रात्री साडेअकरा वाजता स्वयंपाकघरात अंधारात उभं राहून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. चार, की पाच, मोजले नाहीत. दिवा लावला नाही, कारण कोणी बघू नये. मागे वळलो तर बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, दिवा लावून खा. चोरी थोडीच केलीय?"

त्या रात्री मला रडू आलं. आणि मी माझ्या पेशंटना आजवर काय काय बोललो ते एकेक आठवायला लागलं. "तोंडावर ताबा नाही तुमचा." "खाताना विचार करत जा." भूक ही तोंडात नसते. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला 'खा' म्हणून सांगतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन निघतं, ते 'पुरे' म्हणून सांगतं. आपण एकदम उपाशी राहिलो की 'खा' म्हणणारा ओरडायला लागतो आणि 'पुरे' म्हणणाऱ्याचा आवाज बसतो. त्या लाडवांना माझा हावरटपणा कमी आणि माझा आततायीपणा जास्त कारण होता.

मग काय केलं

फार काही नाही. पण जे केलं ते रोज केलं.

आधी चहा मोजला. दवाखान्यात येणारा प्रत्येक ओळखीचा माणूस चहा सांगतो आणि नाही म्हणावं तर त्याला राग येतो. दिवसाला आठ कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे ८० ग्रॅम साखर आणि ३२० कॅलरी, नुसत्या चहातून! तो दोन कपांवर आणला, अर्धा चमचा साखर घालून. बाकी वेळी पाणी.

भाकरी सोडली नाही. ज्वारीची भाकरी हे आपलं अन्न आहे. पण तीनाच्या दोन केल्या आणि ताटाचा अर्धा भाग भाजीने भरला. मटकी, हरभरा, वरण, अंडी यांपैकी एक काहीतरी प्रत्येक जेवणात ठेवलं, कारण प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. घरातलं तेल मोजलं. महिन्याला चौघांत पाच किलो जात होतं, ते अडीचवर आलं. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे प्रत्येक भाजीत पडतं. शेंगदाणे चांगलेच आहेत, पण ओंजळभर शेंगदाण्यांतही बऱ्याच कॅलरी असतात हे लक्षात असू द्या.

तिसरं, चालणं. पहाटे पाचला गेवराईच्या रस्त्याने ४५ मिनिटं. पहिल्या आठवड्यात कुत्री मागे लागायची, दुसऱ्या आठवड्यात त्यांनीही नाद सोडला. कपाशीच्या रानाकडेने चालताना पहिल्यांदा कळलं, की मला धाप लागते. ज्या माणसाला रोज दहा जण "धाप लागते" म्हणून सांगतात, त्याला स्वतःची धाप ऐकू आली नव्हती.

"डॉक्टर खंगले"

सहा महिन्यांत वजन ८२ वर आलं. अकरा किलो गेलं. आता कौतुक होईल असं वाटलं होतं. पण आपल्या गावाकडे वजन कमी होणं म्हणजे आजार!

"काय झालं, शुगर निघाली का?" "डॉक्टर लैच वाळले." एकाने तर कंपाउंडरला बाजूला घेऊन विचारलं, "कॅन्सर-बिन्सर नाही ना?" आईने जेवणच सोडायची धमकी दिली. "तुझ्या बापानं कष्ट केले ते पोरं उपाशी राहावीत म्हणून का?" ती म्हणाली.

आईचा राग मला नंतर समजला. तिने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. सुकडी खाऊन आणि दुष्काळी कामावर खडी फोडून काढलेले दिवस तिच्या डोळ्यांसमोर आहेत. आजही आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर जातात. जिथे पोट भरणं हीच कमाई होती, तिथे सुटलेलं पोट हे सुखाचं लक्षण ठरणारच. मग मी आईला समजावणं सोडलं आणि माझी भाजी तिलाच करायला सांगितली. तिच्या हाताखाली ताट भरलेलं दिसलं की तिचंही समाधान होतं.

वजन परत आलं

लोक इथेच गोष्ट संपवतात. मी संपवत नाही, कारण खरी परीक्षा पुढे होती.

लग्नसराई आली, मग गावचा सप्ताह. रोज कुठेतरी पंगत. दोन महिन्यांत तीन किलो परत आलं. मी चालणं बंद केलं. काटा पुन्हा टेबलाखाली गेला. 'शेवटी आपल्याकडून होतच नाही' हा विचार भुकेपेक्षा वाईट असतो.

मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वजन कमी केलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वीसारखी झाली नव्हती, भूक वाढलेलीच होती. म्हणजे शरीर हरवलेलं वजन परत मागत राहतं. त्याच्या दृष्टीने तो दुष्काळच असतो. वजन परत आलं म्हणून आपण नालायक ठरत नाही. काम अजून चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जी बाई आली नाही

त्याच दिवसांत एक बाई आल्या. दीड वर्षापूर्वी त्या माझ्याकडे शुगरसाठी येत. वजन बरंच होतं. एकदा मी चारचौघांसमोर त्यांना म्हणालो होतो, "औषधाला दोष देऊ नका, खाणं कमी करा." त्यानंतर त्या आल्याच नाहीत. आता आल्या तेव्हा पायाला जखम होती, काळपट पडलेली, आणि शुगर ३८०.

मी विचारलं, "ताई, इतके दिवस का नाही आलात?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "वजन वाढलेलंच होतं सर. तुम्ही पुन्हा बोलला असता."

त्यांचं एक बोट काढावं लागलं. मधुमेहाने बोट गेलं असं कागदावर लिहिलं आहे. त्या कागदात माझंही एक वाक्य आहे, ते फक्त मला आणि त्यांना दिसतं. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर." पण मी जाऊ दिलेलं नाही, म्हणून हा लेख.

त्या दिवसानंतर दवाखान्यातला वजनकाटा मी पडद्याआड ठेवला आहे. वजन मोठ्याने सांगत नाही. आणि कोणाला "कमी करा" म्हणण्याआधी विचारतो, "तुमचा दिवस कसा जातो?" या एका प्रश्नातून खूप कळतं. कोणी रात्रपाळी करतं. कोणी घरात सगळ्यांत शेवटी, उरलेलं जेवतं. कोणाला थायरॉइड असतो. कोणी सांधेदुखीसाठी बिननावाच्या गोळ्या घेतं. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने वजन वाढतं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

एक, ध्येय लहान ठेवा. वजनाच्या सात टक्के कमी करून आणि आठवड्याला १५० मिनिटं चालून, उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, असं अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. माझ्यासाठी सात टक्के म्हणजे फक्त साडेसहा किलो होते.

दोन, "दीक्षित की दिवेकर?" असं मला रोज विचारतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत किंवा ऋजुता दिवेकर यांचं थोडं थोडं, घरचं खाणं, यांतलं जे तुम्हाला वर्षानुवर्षं जमेल ते तुमचं. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका. रोजा असो, एकादशी असो, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

तीन, वजनाची नवी इंजेक्शनं आता भारतात मिळतात. काहींना ती खरंच उपयोगी आहेत, पण ती बंद केली की बरंचसं वजन परत येतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. बाजारातली पावडर आणि चूर्ण यांपासून लांब राहा.

चार, प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर कौतुक करू नका, तपासणी करा.

आज माझं वजन ८२ आहे. बीएमआय २९, म्हणजे पुस्तकाप्रमाणे मी अजूनही लठ्ठच आहे. पण एचबीएवनसी ५.६ आहे, बीपी १२८/८२ आणि कंबर ९८. पुढच्या तपासणीला फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलं होतं.

ती आजी परवा आली होती. टेबलाकडे बघून म्हणाली, "आता जागा झाली बगा." मग स्वतःच काट्याकडे गेली.

तुम्हीही या. वजन वाढलेलं असलं तरी या. वाढलेलं असेल तर आधी या. मी बोलणार नाही.