दाढी किती दिवसांची?

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० ला महाराष्ट्रातली सलूनं उघडली, पण परवानगी केस कापण्यापुरती होती. दाढीला मनाई. त्या काही महिन्यांत जळगावात घरोघरी ट्रिमर आले. पुढे मनाई उठली, ट्रिमर राहिले. आता खुर्चीत बसणारी तरुण मुलं हमखास विचारतात, ‘भाऊ, इलेक्ट्रिक शेव्हर घेऊ का ब्लेडच बरी?’ मी किंमत सांगत नाही, कंपनीही सांगत नाही. विचारतो, ‘दाढी किती दिवसांनी करतोस?’

कारण सगळं तिथेच ठरतं. शेव्हरच्या पातळ जाळीखाली पाती वेगाने हलत असतात, आणि केस जाळीच्या भोकातून आत शिरला तरच कापला जातो. एका दिवसाचा खुंट ताठ असतो, तो शिरतो. चार दिवसांचा केस कातडीवर आडवा पडतो, गळ्यावर तर फारच, आणि जाळी त्याच्यावरून नुसती घसरते. मग माणूस दाबतो, पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि संध्याकाळपर्यंत गळा लाल होतो. मशीन खराब नसतं. ते रोज दाढी करणाऱ्यासाठी बनवलेलं असतं.

खान्देशात रोज दाढी करणारे किती? बँकेतले, शाळेतले, पोलिसातले. बाकी गिऱ्हाईक आठवडे बाजाराला येतं तेव्हा दाढी करून जातं. शनिवारी कित्येक जण ब्लेड लावू देत नाहीत, सोमवारी आमचं दुकान बंद, आणि श्रावण पाळणारा तर महिनाभर खुर्चीकडे फिरकत नाही. अशा दाढीवर शेव्हर चालवायचा तर आधी ट्रिमरने ती खुंटावर आणावी लागते. म्हणजे दोन मशीनं आणि दुप्पट वेळ.

आणि आमचा उन्हाळा. शेव्हरचं पेटंट १९३० मध्ये कर्नल जेकब शिक यांना मिळालं. ते अमेरिकेच्या लष्करात होते, अलास्कात नोकरी केलेले. पाण्याशिवाय, फेसाशिवाय दाढी व्हावी ही गरज थंड मुलखात चटकन पटते. इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. घामाने ओल्या कातडीला जाळी चिकटते, ओढते. त्यात चालून चालून मशीनचं डोकंही तापतं. कोरडं चालणारं मशीन वापरायचंच असेल तर सकाळी, अंघोळीच्या आधी, तोंड नीट पुसून थोडी टाल्कम पावडर लावून वापरावं.

मी काम शिकलो धुळ्याला, मामांच्या दुकानात. साक्री-शिरपूरकडचे शेतकरी ‘मनी दाढी करी दे, भाऊ’ म्हणत पाठ टेकायचे. मामा आधी ब्रश उचलत नसत. कोरड्या गालावरून, मग जबड्याखाली, मग गळ्यावर बोटं फिरवायचे. केस कुठे खाली वाहतो, कुठे आडवा जातो, भोवरा कुठे आहे, हे बोटांना कळतं. बहुतेकांच्या गळ्यावर दोन बाजूंचे केस दोन दिशांनी जातात. घरी दाढी करणारा वरून खाली एकच हात मारतो आणि एका बाजूला नेमकी उलटी दाढी करून बसतो. पुळ्या तिथेच उठतात. तुम्ही ब्लेड वापरा नाहीतर मशीन, आधी बोटांनी आपला गळा ओळखा. एवढं केलं तरी निम्मा त्रास जातो.

ओल्या दाढीतलं खरं काम ब्लेड लागायच्या आधीचं आहे. केस पाणी पितो आणि मऊ होतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. घाईतलं गिऱ्हाईक ‘फेस पुरे’ म्हणतं, मी तरी ब्रश फिरवत राहतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ब्लेडने केस कापताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरीही वाकलेला केस धारेला तिरका भिडला की कडेचे बारीक कपचे उडतात. म्हणून कातडी ताणून केस उभा करायचा. मामांनी शाळा फार पाहिली नव्हती, पण डावा अंगठा कुठे रोवायचा हे त्यांनी मला महिनोन्‌महिने शिकवलं.

पाण्याचंही बघावं लागतं. आमच्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातल्या क्षारांशी साबण बांधला जातो, फेस बसतो आणि कातडीवर चिकट थर राहतो. मी ब्रशला जारचं पाणी वापरतो. घरी तुम्हीही वाटीभर जारचं पाणी घ्या, महागड्या क्रीमपेक्षा त्याचा फरक जास्त पडेल.

तरीही काही जणांना मी ब्लेड लावत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेले, जखम लवकर न भरणारे मधुमेही, हात कापणारे म्हातारे, आणि ज्यांचा कुरळा केस कापल्यावर कातडीत परत शिरतो असे. यांनी ट्रिमर घ्यावा, थोडा खुंट राहू द्यावा. घरात आजोबांची दाढी नातू करत असेल तर ट्रिमरच. शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढू नयेत, काढायचेच तर क्लिपरने काढावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलं आहे. जिथे खरचटणं धोक्याचं, तिथे मशीन श्रेष्ठ, यात मला शंका नाही.

बाकीच्यांसाठी, म्हणजे आठवड्यातून एकदा-दोनदा दाढी करणाऱ्या, उन्हातान्हात राबणाऱ्या खान्देशी माणसासाठी, माझं मत ओल्या दाढीच्या बाजूने आहे. रोज करायची असेल आणि कातडी सोसत असेल तर शेव्हर खुशाल घ्या.

फक्त स्वच्छतेत सूट नाही. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, आणि ट्रिमरच्या दातांत अडकलेल्या केसांतून गजकर्ण पसरतं. नव्वदच्या दशकात एड्सची माहिती गावोगाव पोहोचली आणि चामड्यावर घासायचा जुना वस्तरा जाऊन अर्धी ब्लेड आली, ते फार चांगलं झालं. म्हणून खुर्चीत बसलात की नवी ब्लेड डोळ्यांदेखत मोडायला सांगा, ट्रिमरचं डोकं स्पिरिटने पुसायला सांगा. संकोच करू नका. आमच्यातल्या चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.