आळशी वायू आणि एक युनिट वीज

आर्गन या वायूच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘आळशी’ असा आहे. मराठी पुस्तकात तो निष्क्रिय वायूंमध्ये येतो, उर्दूत त्याला ‘गैर-आमिल’ म्हणतात. आमिल म्हणजे काम करणारा, आणि हा काहीच न करणारा! हवेत तो जवळपास एक टक्का असतो. श्वासाबरोबर आत जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे विज्ञानात शिरतो तो अशा शब्दांच्या दारातून. पण या आळशी वायूने मला गेले काही आठवडे चांगलेच कामाला लावले आहे.

निमित्त झाले एका बदली तासाचे. विज्ञानाचे सर रजेवर होते, म्हणून नववीचा वर्ग माझ्याकडे आला. मुलांच्या घरच्या मोबाइलवर एक संदेश फिरत होता : शास्त्रज्ञांनी जमिनीवर सूर्य बनवला, आता वीज फुकट. “सर, मग लाइट बिल बंद?” मागून कोणीतरी विचारले. वर्ग हसला. एक मुलगी मात्र गंभीरपणे म्हणाली, “सर, सगळं शोधून झालं असेल, तर आम्ही सायन्स घेऊन काय करायचं?” मुलीने दहावीनंतर पुढे काय करायचे, यावर आपल्या घरांत काय काय बोलले जाते ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे तिला थातूरमातूर उत्तर देणे मला पटेना.

खरी गोष्ट अशी. 5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतल्या लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत 192 लेझर किरण एका इवल्याशा लक्ष्यावर सोडले गेले. त्यातल्या हायड्रोजनच्या जड भावंडांचे, ड्युटेरियम आणि ट्रिटियमचे, संमीलन झाले. लेझरने 2.05 मेगाज्यूल ऊर्जा दिली, बाहेर आली 3.15. पराक्रम मोठाच होता. पण आपल्या मीटरचे एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. म्हणजे त्या दिवशी एक युनिटही पूर्ण निघाले नाही, आणि लेझर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीहून जास्त युनिटे लागली. पुढे आकडे वाढले, पण अडचण तीच राहिली. ते लेझर खास काचेचे आहेत. एकदा चालवले की काच थंड व्हायला तास न्‌ तास लागतात. वीजकेंद्राला तर सेकंदाला पाचेक वेळा हेच करावे लागेल. सेकंदाला पाच म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार वेळा!

इथे आळशी वायू कामाला येतो. आर्गन किंवा त्याचा भाऊ क्रिप्टॉन, सोबत थोडा फ्लोरीन, आणि त्या मिश्रणातून इलेक्ट्रॉनचा जोरदार झोत. या धक्क्याने चेतवलेला आर्गन फ्लोरीनशी हात मिळवतो, काही अब्जांश सेकंदांपुरताच. प्रकाश सोडला की जोडी तुटते आणि दोघे पुन्हा मोकळे. क्रिप्टॉनचा प्रकाश 248 नॅनोमीटरचा, आर्गनचा 193 चा. तरंग जितका आखूड, तितकी ऊर्जा लक्ष्यात चांगली मुरते. शिवाय वायू वाहता ठेवून सतत थंड करता येतो. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेतही आर्गन-फ्लोरीनचाच प्रकाश वापरतात, फक्त तो अगदी किरकोळ ताकदीचा असतो.

वॉशिंग्टनमधील अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने क्रिप्टॉनचा ‘नाइके’ हा मोठा लेझर 1995 मध्ये सुरू केला. नंतरच्या ‘इलेक्ट्रा’ने सेकंदाला पाच वेळा चालून दाखवले, पण प्रत्येक वेळी काहीशे ज्यूलच. वीजकेंद्राला त्याच्या हजारपट हवेत. आणखी एक कटकट आहे. इलेक्ट्रॉन वायूत शिरतात ते धातूच्या पातळ पत्र्यातून, आणि तो पत्रा प्रत्येक झोताला तापतो. दिवसाला चार लाख धक्के खाऊन तो महिनोन्‌महिने टिकला पाहिजे.

आणि हेही सांगायला हवे की यातली एक प्रयोगशाळा अण्वस्त्रांसाठी काम करते, दुसरी थेट नौदलाची आहे. दिव्याची आशा तोफखान्याच्या अंगणात वाढते आहे. मुलांना अर्धी गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

पुढच्या तासाला मी फळ्यावर उरलेल्या कामांची यादी लिहिली : न फाटणारा पत्रा, रोज लाखो गोळ्या बनवण्याची युक्ती, सेकंदाला पाच गोळ्यांवर अचूक नेम, ट्रिटियम तयार करणे, स्फोट सोसणारी भिंत. मग म्हटले, “यातलं एकही पूर्ण झालेलं नाही. सांगा, काय शोधून झालं?” त्या मुलीने यादी वहीत उतरवून घेतली.

माझ्या हयातीत या विजेवर माझ्या घरातला पंखा फिरेल, असे मी म्हणणार नाही. फुकट वीज तर कधीच मिळणार नाही, कारण पत्रा बदलायला आणि गोळ्या बनवायला माणसे लागतील आणि त्यांना पगार द्यावा लागेल. पण ‘झाले’ आणि ‘होऊ शकते’ यांतला फरक मुलांना शिकवणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे. ‘झाले’ ऐकले की मूल वही मिटते. ‘होऊ शकते’ ऐकले की विचारते, कसे?