आईच्या पावलांनी पावनखिंड

तुमच्या आईच्या वेगाने तुम्ही शेवटचं कधी चाललात?

हेब्बाळ तळ्याकाठी तीन महिने सराव करून मी आणि साठी ओलांडलेली आई पन्हाळ्याला पोहोचलो. वाटाड्यासोबत दोन दिवसांत पावनखिंड गाठायची होती. जुलै १६६० मध्ये शिवराय विशाळगडावर पोहोचेपर्यंत बाजीप्रभू देशपांड्यांनी प्राण पणाला लावून लढवली, ती ही खिंड.

मसाई पठारावर धुकं, घोट्यापर्यंत चिखल. आईचा गुडघा दुखू लागला. मी म्हटलं, “परत फिरू या.”

“फिरायचं नाही गं. तू फक्त पुढे पळू नकोस.”

तळ्याकाठीही मी चार पावलं पुढेच असायचे!

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही सर्वांत शेवटी खिंडीत उतरलो. तुम्हीही आईला घेऊन जा. पुढे मात्र तिला चालू द्या.