पैजेचा पैसा, देणगीची पावती

आयपीएलचा अंतिम सामना झाला की आमच्या छोट्या संस्थेकडे एक वेगळंच पाकीट येतं. उंबरमाळीहून लोकलने ठाण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारं कुणीतरी ते आणून देतं. ऑफिसात १२ जणांनी दोनदोनशे काढलेले असतात आणि जिंकणाऱ्याने पाड्यावरच्या पोरांच्या वह्यांसाठी अर्धे सोडलेले. पाकिटावर नाव एवढंच: ‘अकाउंट्समधली मंडळी’.

पैसे मोजायला वेळ लागत नाही. पावती कोणाच्या नावे फाडायची, यावर मात्र पेन थबकतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. बाकीच्या ११ जणांनी आम्हाला काहीच दिलेलं नाही. त्यांनी जिंकायची संधी विकत घेतली आणि ती हुकली. दिलं ते जिंकणाऱ्याने, पैसे त्याचे झाल्यावर, आपल्या मनाने. म्हणून पावती त्याच्या एकट्याच्या नावे. निकाल काहीही लागो, सगळी रक्कम संस्थेलाच, असं आधीच ठरलं असेल तर पैज नावापुरतीच. मग १२ नावं, १२ पावत्या.

‘मंडळी’च्या नावे पावती फाडणं सोपं. पण नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी आयकराच्या लेखी निनावी ठरते. अशा देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांचे पाच टक्के, यांतल्या मोठ्या रकमेपुढे गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर बसतो. देणाऱ्यालाही मी आधीच सांगते, की रोख २,००० रुपयांवर गेली तर करसवलत नाही.

‘जुगाराचा पैसा घ्यायचाच कशाला?’ हा प्रश्न आमच्या बैठकीत येतो, आणि तो फालतू नाही. मटक्यापायी भाताचे पैसे गेलेली घरं इथे कोणाला ठाऊक नाहीत? म्हणून एक रेघ आखली आहे: दिलेलं घ्यायचं, पण संस्थेच्या नावावर पैज लावू द्यायची नाही. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही लागू आहे; चिठ्ठीवर आमचं नाव छापलं गेलं, तर आम्हीही त्या खेळातले झालो.

आभारपत्रात मी फक्त देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि वह्या लिहिते. कीर्दीच्या तपशिलात मात्र पैसा कुठून आला ते स्पष्ट असतं; ऑडिटरपासून झाकावं असं त्यात काही नाही.

तुमच्या ऑफिसातून असं पाकीट निघणार असेल, तर आत नोटांबरोबर एक कागदही ठेवा: कोणी दिले, किती दिले, पत्ता काय.