मनीच्या मिशा

एजवेअरला नातीसाठी मी जुन्या लोकरी पायमोज्याची हातात घालायची मांजर शिवली. डोळ्यांना बटणे लावली, नाक गुलाबी दोऱ्याने भरले, राहिल्या मिशा. खऱ्या मांजरीला एकेका गालावर 4 ओळींत साधारण 12 मिशा असतात. बाहुलीला 3-3 पुरतात.

पुष्कळजण गळाची नायलॉन दोरी वापरतात. ती ताठ राहते, पण निसरडी. एका गाठीने टिकत नाही. ऑपरेशन थिएटरात नायलॉनच्या टाक्याला गाठीवर गाठ देतात ती याचसाठी. शिवाय तिचे टोक मुलाच्या डोळ्यात जाण्याची भीती. म्हणून मी जाड सुती दोरा एका गालातून दुसऱ्या गालात ओवला, आतून नाकामागे दोन टाके घालून पक्का केला आणि बाहेरची टोके भाताच्या पेजेची खळ लावून वाळवली.

नातीला मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. मांजरीला मात्र इंग्रजी येत नाही. इंग्रजीत विचारले की नुसत्या मिशा हलवते. परवा नातीने मिशा ओढून पाहिल्या. निघाल्या नाहीत, तेव्हा हळूच म्हणाली, "मने, दूध पाहिजे?"

आपली भाषा आपल्याबरोबरच संपू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी जुने पायमोजे टाकू नयेत.